उघड्या तारांचे मनोरे

दिल्लीच्या उत्तरेस, नरेलाच्या परिसरात, शेतांतून ओळीने उभे असलेले पोलादी मनोरे दृष्टीस पडतात. सतलजच्या पाण्यावर भाक्रा येथे निर्माण होणारी वीज पानिपतमार्गे दिल्लीस पोहोचते ती अशाच मनोऱ्यांवरून.

वीज वाहत असता तारेच्या रोधामुळे तिचा काही अंश उष्णतेच्या रूपाने वाया जातो. हा नाश प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दाब दहापट केला, तर तेवढीच शक्ती नेण्यास एकदशांश प्रवाह पुरतो व नाश शतांशावर येतो. घरात 230 व्होल्ट असणारा दाब लांबच्या वाहिन्यांत 220 किंवा 400 किलोव्होल्ट ठेवतात, तो याच कारणाने.

एवढा दाब वाहणाऱ्या या तारा मात्र उघड्या असतात. वजनास हलक्या ॲल्युमिनियमच्या तारा बळकटीसाठी पोलादी गाभ्याभोवती पिळलेल्या असतात. वर रोधक वेष्टण नसते. सभोवतालची हवा हेच त्यांचे वेष्टण होय. तेव्हा तार व तार, तार व मनोरा, तार व भूमी यांमध्ये पुरेसे अंतर राखणे, हे मनोऱ्याचे मुख्य कार्य.

मनोऱ्याच्या आडव्या भुजांना तारा थेट बांधीत नाहीत. चिनी मातीच्या किंवा काचेच्या तबकड्यांच्या माळेने त्या टांगतात. 400 किलोव्होल्टच्या वाहिनीस एका माळेत सुमारे 23 तबकड्या लागतात. काही वाहिन्यांवर आता एकसंध बहुवारिक रोधकही वापरतात. शिखरावरची बारीक तार आकाशातील विजेचा आघात स्वतःवर घेऊन तो जमिनीत उतरविते. मार्ग वळतो तेथे तारांचा ताण एका बाजूस ओढतो, म्हणून वळणावरचा मनोरा अधिक भक्कम बांधतात.

दोन मनोऱ्यांमध्ये तारेला झोळ असतो, तो हेतुपूर्वक ठेवलेला असतो. ताठ ओढलेली तार दिल्लीच्या थंडीत आकुंचन पावून तिच्यावर व मनोऱ्यांवर अतोनात ताण येईल. उन्हाळ्यात उलट तार लांबते आणि झोळ खाली उतरतो. तशा स्थितीतही 400 किलोव्होल्टची तार भूमीपासून 8.84 मीटर उंच राहिली पाहिजे, असा भारतातील दंडक आहे.

हे अंतर मनुष्याच्या हातूनही मोडते. 15 ऑगस्टच्या सुमारास दिल्लीचे आकाश पतंगांनी भरून जाते. धातूचा लेप दिलेला मांजा दोन तारांवर पडला, की मधल्या हवेचा रोध संपतो. ठिणगी उडते, संरक्षक यंत्रणा वाहिनी बंद करते आणि वस्ती अंधारात बुडते. मांजा हाती धरणाऱ्याच्या तर प्राणांवर बेतते. 2017 मध्ये दिल्ली शासनाने अशा मांजावर बंदी घातली.

उच्च दाबाच्या तारेस स्पर्शच व्हावा लागतो असे नाही. हवेचे अंतर फार कमी झाले तरी वीज ते ओलांडते. म्हणून तारेत अडकलेला पतंग काठीने, गजाने वा मनोऱ्यावर चढून काढू नये. तो तेथेच राहू द्यावा व वीज कार्यालयास कळवावे.