पानदान आणि खासदान : लखनौच्या तांबूलोपचारातील पात्रे व संज्ञा

जपानी चहाविधीच्या अभ्यासात उपकरणांच्या नावांना जे महत्त्व दिले जाते, ते भारतीय आतिथ्यपरंपरांच्या अभ्यासात क्वचितच मिळाले आहे. ओकाकुरा काकुझो यांचे चहावरील इंग्रजी पुस्तक 1906 मध्ये प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून चावान (वाडगा), चासेन (बांबूची घुसळणी), चाशाकू (भुकटी घेण्याची चमची) यांसारख्या संज्ञा जगभरच्या सौंदर्यविचारात रूढ होत गेल्या. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत, 1913 पासून, अब्दुल हलीम शरर यांनी आपल्या ‘दिलगुदाज’ या उर्दू नियतकालिकात लखनौच्या अस्तंगत संस्कृतीविषयी लेखमाला लिहिली. पुढे ‘गुजिश्ता लखनौ’ या नावाने परिचित झालेल्या या लेखनात पान आणि पानाची पात्रे यांचा स्वतंत्र परामर्श आहे. मात्र ती नावे लखनौबाहेर फारशी गेली नाहीत. भाषांतरांत त्यांच्या जागी बहुधा ‘पानाचा डबा’ एवढेच येते. या एका डब्यात नेमके काय हरवते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

पानदान हे करण्याचे पात्र आहे, तर खासदान हे देण्याचे. कलई केलेल्या तांब्याचे वा चांदीचे झाकणदार पानदान घरातील बेगमेच्या तख्तावर तिच्या हाताशी असे. त्यात कात व चुना यांच्या झाकणाच्या लहान कुल्हिया, त्यांच्या चमच्या, कातरलेली सुपारी (लखनौच्या बोलीत ‘डली’), वेलची असा सरंजाम असे. पाने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवीत. सरौता, म्हणजे आपला अडकित्ता, त्याचा नित्याचा सोबती. ‘हुस्नदान’ हा याच कुळातील लहान, नक्षीदार प्रकार. तयार झालेली गिलौरी मात्र पानदानात राहत नसे. ती घुमटाकार झाकणाच्या खासदानात, अनेकदा चांदीचा वर्ख लावून, पाहुण्यांपुढे जाई. पडदा पाळणाऱ्या घरात याचा अर्थ असा की पानदान जनान्यात राही आणि खासदान मर्दान्यात जाई. ज्या हातांनी पान लावले ते अदृश्य राहत आणि त्यांची कुशलता तेवढी बाहेर येई. एखाद्या कथेत पुरुषांच्या बैठकीत खासदान येते, तेव्हा पडद्याआडच्या कर्त्या स्त्रीची ती सूचना असते. अनुवादकाने तेथे ‘पानदान’ लिहिले तर ही संपूर्ण सूचना पुसली जाते. खुद्द पानदानच बैठकीत आणल्यासारखे होते, आणि हा तपशील क्षुल्लक नाही.

मराठी वाचकाची अडचण थोडी वेगळी आहे. त्याच्यापाशी शब्दांचा तुटवडा नाही. तबक, पानपुडा, चंची, चुनाळे, अडकित्ता, पिकदाणी, तस्त अशी मोठी संपदा आहे. पण ती वेगळ्या व्यवहारातून आली आहे. मराठी घरात पानाचे तबक उघडे पुढे येते. पाने, सुपारी, कात, चुना, लवंग, वेलदोडा समोर ठेवून यजमान म्हणतो, ‘घ्या, पान जमवा.’ विडा लावण्याचे स्वातंत्र्य पाहुण्याचे. अनेक कप्प्यांची कापडी चंची तर कमरेला खोचून शेतावर वा प्रवासाला नेण्याची वस्तू. पानदान जितके स्थिर तितकी ती फिरती. त्रयोदशगुणी विडा किंवा गोविंदविडा यजमानघरी सिद्ध होतो हे खरे, परंतु तो प्रसंगविशेषाचा. नित्याची रीत तबकाची. चहाविधीत तिसरीच रीत आढळते. तेथे यजमान स्वतः, पाहुण्याच्या देखत, एकेक हालचाल मोजून चहा सिद्ध करतो आणि नंतर पाहुणा उपकरणे हाती घेऊन न्याहाळतो. या न्याहाळण्यालाही ‘हाइकेन’ अशी संज्ञा आहे. म्हणजे लखनौत करणे झाकलेले, महाराष्ट्रात ते पाहुण्याकडे सोपवलेले, आणि जपानात करणे हाच सोहळा. पात्रांच्या नावांची तुलना करायची ती या पार्श्वभूमीवर. केवळ आकार वा धातू यांवरून जोड्या लावणे फसवे ठरते.

व्युत्पत्तीच्या अंगाने पाहता ‘दान’ हा घटक लक्षणीय आहे. त्याचा देण्याशी संबंध नाही. फारसीतील हा पात्रवाचक प्रत्यय संस्कृत ‘धान’चा सगोत्र असून ‘राजधानी’ या शब्दात तोच ठेवण्याचा, आश्रयस्थानाचा अर्थ आहे. मराठीने त्याला ‘दाणी’ असे स्त्रीलिंगी रूप देऊन अत्तरदाणी, गुलाबदाणी, फुलदाणी असे शब्द घडवले. ‘उगालदान’ या शब्दाशी मात्र मराठी कान अडखळतो. त्याचा संबंध चंदन उगाळण्याशी नसून हिंदी ‘उगलना’शी, म्हणजे तोंडातून बाहेर टाकण्याशी आहे. संस्कृतात याच पात्राला ‘पतद्ग्रह’, पडणारे झेलणारा, असे काहीसे दरबारी नाव होते आणि कामसूत्रातील नागरकाच्या शयनगृहात ते जमिनीवर ठेवलेले आहे. चहाविधीतील धुतलेले पाणी टाकण्याचे ‘केन्सुई’ शेवटी आणले जाते आणि प्रथम बाहेर नेले जाते. उलट लखनौचे उगालदान बैठकीत उजळ माथ्याने वावरले, त्यावर कारागिरांनी बिदरी कामही केले. त्याज्य वस्तूच्या पात्राला कोणते स्थान द्यावे, याविषयी दोन संस्कृतींचे मत इतके भिन्न असावे हे उद्बोधक आहे. नामकरणाची तऱ्हाही वेगळी. ‘नात्सुमे’ ही चहाच्या भुकटीची लाखकाम केलेली डबी बोराच्या जातीच्या एका फळावरून ओळखली जाते, आणि एखाद्या विशिष्ट चमचीला वा वाडग्याला स्वतःचे काव्यमय नाव (‘मेई’) मिळू शकते. लखनौची नावे आकारावर वा एकेका वस्तूवर आधारलेली नाहीत. ती कामावर आधारलेली आहेत.

पानदान या शब्दाचा अर्थ पात्रापुरता राहिला नाही, याचा सबळ पुरावा न्यायालयीन आहे. ‘खर्च-ए-पानदान’ म्हणजे विवाहकरारानुसार पत्नीला मिळणारा वैयक्तिक भत्ता. ख्वाजा मुहम्मद खान विरुद्ध नवाब हुसैनी बेगम हा खटला अलाहाबाद उच्च न्यायालयातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. 1877 च्या करारात सासऱ्याने भावी सुनेला या नावाखाली दरमहा 500 रुपये देण्याचे मान्य केले होते. 1910 च्या निर्णयाने, करार तिने स्वतः केलेला नसूनही, तिचा हक्क मान्य झाला. न्यायमूर्तींना या शब्दाचा अर्थ इंग्रजांना समजावून द्यावा लागला. इंग्लंडमधील पत्नीच्या हातखर्चाशी त्याचे साम्य आहे, पण दोन्ही एक नव्हेत, असा भेद त्यांनी केला. भाषांतराचा प्रश्न येथे पाचशे रुपयांचा होता.

मराठीत या संज्ञेला जवळचा शब्द ‘चोळीबांगडी’. राजस्त्रियांना चोळीबांगडीसाठी गावे नेमून दिल्याचे उल्लेख मराठी इतिहासात येतात. व्यवहार तोच, प्रतिमा मात्र निराळी. चोळीबांगडी स्त्रीच्या अंगावरची, तिच्या सौभाग्याची निदर्शक. पानदान तिच्या हातचे, ती घरातून काय बाहेर पाठवते त्याचे निदर्शक. एका शब्दात ती अलंकृत आहे, दुसऱ्यात यजमानीण. म्हणून उर्दू कादंबरीतील ‘पानदान का खर्च’ मराठीत आणताना ‘चोळीबांगडी’ वापरली तर वाक्य सहज उतरेल, पण तख्तावरची बेगम हातातला सरौता खाली ठेवील. ‘पानदानाचा खर्च’ असेच ठेवणे आणि कथेच्या ओघात एकदा ते पात्र उघडून दाखवणे, हा मार्ग अधिक कष्टाचा असला तरी अधिक प्रामाणिक आहे.