घरात येणारा पहिला लॅपटॉप आणि वाचणारे चार पैसे

बारावीचे निकाल लागले, की सुरतेच्या उधना, लिंबायत, दिंडोली या भागांतील मराठी घरांतून पूर्वी एकच विचार चाले : वह्या-पुस्तके आणि फीचे पैसे कोठून उभे करावयाचे? आता त्या यादीत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. मुलगा अभियांत्रिकीला जावो, मुलगी वाणिज्य शाखेला जावो, लॅपटॉप हवाच. तापी लाइनच्या गाडीने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडून येऊन येथे लूमच्या खात्यांत आणि कापडबाजारात ज्यांनी संसार उभे केले, त्यांच्या घरी ही खरेदी म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हे. वर्षाचा दिवाळी बोनस, भिशीचा हप्ता आणि कधी कधी गृहिणीच्या हातातील एखादी बांगडी, एवढे सारे त्या एका वस्तूत जाऊन बसते. म्हणूनच या खरेदीत चार पैसे प्रामाणिक मार्गाने वाचत असतील, तर ते कसे, याचा विचार वाचकांपुढे मांडावा, असे आम्हांस वाटले.

या विचारास निमित्त झाले ते आमच्या शेजारच्या एका सद्गृहस्थांचे. त्यांच्या कन्येस संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला. ‘‘काका, तुम्ही सोबत चला. आम्हांला त्यातलं काय कळतंय?’’ असा त्यांचा आग्रह पडला, म्हणून आम्हीही दुकानात गेलो. दुकानदाराने दोन लॅपटॉप समोर ठेवले. कंपनी एकच, पडदा तेवढाच, आतील प्रोसेसर आणि मेमरीही तीच. किमतीत मात्र चार हजारांचा फरक. कारण विचारता तो म्हणाला, की महाग आहे त्यात विंडोज आहे, स्वस्त आहे त्यात लिनक्स. आणि लगेच आवाज थोडा खाली आणून त्याने पुस्ती जोडली, ‘‘लिनक्सवाळुं लई जाव ने काका, पांचसोमां विन्डोज नाखी आपीश.’’

शेजाऱ्यांचा चेहरा उजळला. ‘‘पाचशेत होतंय तर वाईट काय, काका?’’ त्यांनी आम्हांस विचारले. प्रश्न साधा होता. उत्तर मात्र आम्ही पूर्वी महागात शिकलो होतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका मंडळाचा संगणक असाच पाचशे रुपयांच्या विंडोजवर चालत असे. ती प्रत अर्थातच चोरीची होती. चोरीच्या प्रतीबरोबर आणखी काय काय आत शिरते, हे तेव्हा आम्हां कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. एके दिवशी सकाळी संगणक सुरू केला, तो गणेशोत्सवाचे हिशेब, वर्गणीदारांच्या याद्या, वाचनालयाची नोंदवही, साऱ्या फाइली कुलूपबंद झालेल्या! पडद्यावर एक इंग्रजी मजकूर होता आणि कुलूप उघडण्यासाठी डॉलरमध्ये खंडणी मागितलेली होती. ती अर्थातच आम्ही दिली नाही, आणि फाइलीही परत मिळाल्या नाहीत. २०१७ सालच्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ नावाच्या अशाच उपद्रवाने इंग्लंडमधील सरकारी इस्पितळांचेही काम विस्कळीत केले होते. ज्या विंडोज संगणकांवर सुरक्षेची दुरुस्ती वेळेवर बसविलेली नव्हती, त्यांना त्याचा फटका बसला. संशयित जागेतून उतरविलेल्या प्रतीत कोणी आधीच काय पेरून ठेवले आहे, हे तर ग्राहकास कळण्याचा मार्गच नसतो.

यात कायद्याचीही बाजू आहे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ याच्या कलम ६३-ब नुसार चोरीची संगणकप्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. त्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. वापर धंद्यासाठी वा नफ्यासाठी नसेल, तर कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंड करण्याची मुभा न्यायालयास आहे. घरगुती ग्राहकापर्यंत हे प्रकरण क्वचितच येत असेल. परंतु मुलीच्या शिक्षणाचा आरंभ चोरीच्या वस्तूने करावा काय, हा प्रश्न कायद्याहून जुना आहे.

आता ज्याच्यामुळे चार हजार वाचतात, ते लिनक्स म्हणजे काय, हे पाहू. संगणकाचे यंत्र आणि आपण वापरतो ते कार्यक्रम यांच्यामध्ये एक कारभारी लागतो. त्यास ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज ही मायक्रोसॉफ्ट कंपनीची मालकीची सिस्टीम. ती वापरण्याच्या परवान्याचे पैसे लॅपटॉपच्या किमतीतच मिसळलेले असतात. लिनक्सची कथा निराळी. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने १९८३ साली ‘ग्नू’ नावाचा प्रकल्प घोषित केला. जो वापरावा, तपासावा, सुधारावा आणि वाटावा अशी सर्वांना मोकळीक असेल, असा संगणकाचा सारा सरंजाम तयार करण्याचा त्याचा संकल्प होता. पुढे १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टोरवाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी आपल्या हौसेखातर सिस्टीमचा गाभा लिहू लागला, आणि वर्षभरातच त्याने तो ग्नूच्या मुक्त परवान्याखाली जगाला देऊन टाकला. या दोहोंच्या मिलाफातून जे उभे राहिले, त्यात तेव्हापासून सहस्रावधी लोकांनी भर घातली आहे. आपल्याकडे भजनी मंडळात जो येईल तो टाळ घेऊन सामील होतो, तसा हा प्रकार. म्हणून परवान्याचे मूल्य नाही. चोरीचा तर प्रश्नच नाही.

‘‘फुकटच्या वस्तूत दम किती?’’ अशी शंका आपल्या व्यापारी गावात येणे साहजिक आहे. तिचे उत्तर असे, की आपल्या खिशातील अँड्रॉइड मोबाइलचा गाभा लिनक्सचाच आहे, आणि जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत २०१७ सालच्या नोव्हेंबरपासून प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे.

हिशेब मात्र डोळे उघडे ठेवून केला पाहिजे. मोठ्या कंपन्या विंडोजचे परवाने घाऊक घेतात, त्यामुळे किमतीतील फरक परवान्याच्या किरकोळ भावाहून कमी असतो. घरगुती विंडोजचा परवाना सुटा घ्यावयाचा तर दहा हजारांच्या आसपास खर्च येतो. याचा अर्थ असा, की आज लिनक्सचा लॅपटॉप घेऊन चार हजार वाचविले आणि सहा महिन्यांनी विंडोज खरेदी करावे लागले, तर बचत दूरच, उलट खिशाला खारच लागेल. शिवाय काही विंडोज लॅपटॉपांबरोबर मायक्रोसॉफ्टचे ऑफिसही येते. त्याचेही मोल फरकात धरावयास हवे. तेव्हा ‘स्वस्त कोणते?’ हा प्रश्न दुसरा. ‘याच्यावर काम कोणते करावयाचे?’ हा पहिला.

आमच्या समजुतीने उत्तर असे आहे. पत्रे, निबंध, कोष्टके, सादरीकरण, इंटरनेट, बँकेचे व्यवहार, चित्रपट आणि दूरच्या नातलगांशी बोलणे एवढेच काम असेल, तर लिनक्स पुरेसे आहे. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी लिब्रे ऑफिस हा संच विनामूल्य मिळतो. मायक्रोसॉफ्टच्या फाइली त्यात उघडतात. क्वचित एखादे कोष्टक जागचे हलते, ते नीट करून घ्यावे लागते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यास तर लिनक्स हा लाभच आहे. सी, पायथॉन इत्यादी भाषांची साधने त्यावर विनासायास मिळतात, आणि पुढे नोकरीत ज्या सर्व्हरांशी गाठ पडते, त्यांतील पुष्कळसे याच सिस्टीमचे असतात.

परंतु आपल्या सुरतेचे उद्योग ध्यानात घेता काही ठिकाणी लिनक्सचा आग्रह धरणे चुकीचे ठरेल. कोरलड्रॉ आणि फोटोशॉप यांच्या लिनक्ससाठी केलेल्या आवृत्त्या नाहीत. भरतकामाच्या यंत्रांसाठी पंचिंग करणाऱ्या तरुणांचे कार्यक्रमही बहुधा विंडोजवरच चालतात. दुकानाचे हिशेब टॅलीत असतील, तर तेही विंडोजसाठीच बनविलेले आहे. ‘वाइन’ नावाच्या साधनाने असे काही कार्यक्रम लिनक्सवर चालविता येतात, पण ज्यावर पोट अवलंबून आहे, ते असे टेकू लावून चालवू नये. करभरणासाठी डिजिटल सहीचा टोकन वापरणाऱ्यांनीही तो लिनक्सवर चालतो की नाही, हे आधी तपासावे.

मोठ्या प्रमाणावर हा प्रयोग कोणी केला आहे काय? केला आहे, आणि दोन्ही प्रकारचे अनुभव आले आहेत. केरळात २००१ साली शाळांसाठी ‘आयटी ॲट स्कूल’ हा प्रकल्प सुरू झाला आणि पुढे तेथील सरकारी शाळांनी लिनक्स स्वीकारले. २०१९ साली त्या राज्याच्या यंत्रणेने असे सांगितले, की दोन लाखांहून अधिक संगणक या पद्धतीने चालविल्यामुळे सुमारे तीन हजार कोटी रुपये वाचले. हे यश केवळ फुकट सिस्टीमचे नव्हे. तेथे शिक्षकांना ती शिकविण्यात आली आणि पाठ्यपुस्तकेही तिच्याभोवती रचली गेली. याउलट जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ साली लिनक्सकडे वळण्याचे ठरविले, हजारो संगणक बदललेही, आणि २०१७ साली पुन्हा विंडोजकडे जाण्याचा निर्णय घेतला. शिकविणारे आणि निभावून नेणारे माणूस जवळ असेल तर बचत टिकते, असा बोध आम्ही या दोन उदाहरणांतून घेतला. आपल्या देशातही सी-डॅकने ‘बॉस’ या नावाची लिनक्सची भारतीय आवृत्ती तयार केली आहे.

परप्रांतीय मराठी घरांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपली मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत पुष्कळदा गुजराती लिहितात. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलक ठरविला. त्यात सर्व भारतीय लिप्यांची अक्षरे एकाच जागी आहेत. मराठीचा ‘क’ ज्या कळीवर, त्याच कळीवर गुजरातीचाही ‘क’. एकदा बोटांना वळण पडले, की दोन्ही लिप्या लिहिता येतात. विंडोजप्रमाणे लिनक्समध्येही हा कळफलक असतो आणि त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. मात्र जुन्या खाजगी फाँटांत टंकलेली मंडळाची पत्रके, वंशावळी वा लग्नपत्रिका ज्यांच्यापाशी असतील, त्यांनी त्या युनिकोडमध्ये पालटून घ्याव्यात. नव्या यंत्रावर तो फाँट नसला, तर पडद्यावर नुसती चिन्हे उमटतात. मग सिस्टीम कोणतीही असो.

दुकानात जाण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली : महाविद्यालयास विचारावे, की अभ्यासक्रमात विंडोजवरच चालणारा कार्यक्रम आहे काय? दुसरी : किंमतपत्रकावर ‘उबंटू’ लिहिले आहे की ‘डॉस’, हे वाचावे. डॉसचा लॅपटॉप म्हणजे जवळजवळ रिकामे घर. त्यात लिनक्स आपणच बसवावे लागते. तिसरी : दोन्ही लॅपटॉपांचे प्रोसेसर, मेमरी आणि साठवण एकाच तोलाचे आहेत ना, याची खात्री करावी, नाहीतर बचत सिस्टीमची नसून हलक्या मालाची असते. चौथी : घरच्या प्रिंटरचे नाव लिहून न्यावे आणि तो लिनक्सवर चालतो काय, ते विचारावे. ज्यांच्या घरी जुना विंडोज संगणक आहे, त्यांना तर नवीन खर्चाचीही घाई नको. विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि बरीच जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. आतील फाइलींची प्रत आधी काढून ठेवावी, आणि पसंत पडल्यावरच कायमचे बसवावे.

हे सारे त्या दिवशी दुकानात सांगणे शक्य नव्हते. आम्ही मुलीला एवढेच विचारले, ‘‘बेटा, तुला शिकून घ्यायला जमेल का?’’ ती म्हणाली, ‘‘काका, तेच तर शिकायला चालले आहे.’’ लिनक्सचा लॅपटॉप घेतला. पाचशेची विंडोज घेतली नाही. वाचलेल्या चार हजारांत पहिल्या सत्राची पुस्तके आली आणि बाकीचे तिच्या आईने जपून ठेवले.

पहिला महिना सोपा गेला नाही. प्रिंटर रुसला आणि मैत्रिणीने पाठविलेल्या फाइलीतील कोष्टके विसकटली. ‘‘आपण फसलो तर नाही ना, काका?’’ असे शेजाऱ्यांनी एका संध्याकाळी विचारलेही. दिवाळीपर्यंत मात्र तिने प्रिंटर चालविला आणि आमच्या मंडळाच्या जुन्या, धूळ खात पडलेल्या संगणकावरही लिनक्स बसवून दिले. तिचा धाकटा भाऊ पंचिंगचे काम शिकू लागला, तेव्हा त्याच्यासाठी विंडोजचा, रीतसर परवान्याचा लॅपटॉप घेण्यात आला. तो सल्लाही तिनेच दिला.

या गणेशोत्सवाचे हिशेब त्या जुन्या संगणकावर लिहिले गेले. एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक वहीत, अशी खबरदारी आम्ही आता घेतो.