स्मृतिभ्रंशात न सांगता येणारे दुखणे

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला दुखणे कमी जाणवते, हा समज चुकीचा आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देऊन मेंदूचे एमआरआय केले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वेदनेशी निगडित भाग निरोगी वृद्धांपेक्षा कमी सक्रिय दिसले नाहीत. कमी होते ती सांगण्याची क्षमता. कुठे, केव्हापासून, किती दुखते हे सांगायला स्मरण आणि भाषा, दोन्ही शाबूत लागतात. न सांगणाऱ्याला औषधही कमीच मिळते. खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णांच्या २००० सालच्या एका अमेरिकी अभ्यासात, तीव्र स्मृतिभ्रंश असलेल्यांना इतरांच्या सुमारे एक तृतीयांशच मॉर्फिन-वर्गीय औषध मिळाल्याचे आढळले.

दुखणे मग वागण्यातून बाहेर पडते. अंघोळ घालताना आजी हात झटकतात, कूस बदलताना कण्हतात, रात्री येरझाऱ्या घालतात. घरच्यांना वाटते, आजार वाढला. जेवणाचे ताट ढकलण्यामागे हिरडीला टोचणारी कवळीही असू शकते. सांधेदुखी, किडका दात, बद्धकोष्ठता, तुंबलेली लघवी आणि शय्याव्रण ही नेहमीची कारणे.

अशा रुग्णांसाठी ‘पेनॅड’ ही मोजपट्टी वापरतात. श्वास, कण्हणे-ओरडणे, चेहरा, शरीराची हालचाल आणि समजूत घातल्यावर शांत होणे, या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण. निरीक्षण हालचालीच्या वेळीही करावे लागते. खुर्चीत निवांत दिसणाऱ्याचा गुडघा उठतानाच ठणकतो. अर्थात, भीतीनेही चेहरा आक्रसतो. म्हणून उपचारानंतर पुन्हा गुण मोजणे महत्त्वाचे.

नॉर्वेतील १८ शुश्रूषागृहांमधल्या ३५२ रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना आठ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामके दिली, बहुतेकांना साधे पॅरासिटामॉल. त्यांची अस्वस्थता नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी जास्त घटली. औषधे थांबवल्यावर ती पुन्हा वाढली.

‘दुखेल तेव्हा घ्या’ ही सूचना इथे निरुपयोगी, कारण गोळी मागणार कोण? डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा वेळेवर द्यावी लागते. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या वृद्धांच्या मूत्रपिंडाला आणि जठराला जड जातात. अफूवर्गीय औषधांनी गुंगी व बद्धकोष्ठता येते. चिडचिड दाबण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मनोविकारविरोधी औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. ती सुरू करण्याआधी दात, पोट, लघवी आणि सांधे तपासून घ्यावेत.