उणे दोन किलोची थैली

बदलापूरच्या शिरगावात आता भाजीवाल्याकडेही इलेक्ट्रॉनिक काटा असतो. एकच ताट, लाल आकडे. गणिताच्या पुस्तकातला दोन पारड्यांचा तराजू इथल्या सहावीतल्या मुलानं कधी हाताळला असेलच असं नाही. समीकरण शिकवायला आपण मात्र अजून त्याच तराजूचं चित्र फळ्यावर काढतो. आधी तराजू वर्गात आणावा. कपड्यांचा हँगर आणि दोन टोकांना दोन सारख्या पिशव्या, एवढ्यावर भागतं.

समजा, डाव्या पारड्यात कांद्याच्या सारख्या तीन थैल्या आणि २ किलोचं वजन. उजव्यात एक थैली आणि १० किलो. काटा मध्यावर. दोन्हीकडून एकेक थैली काढा, मग दोन-दोन किलो काढा. उरल्या दोन थैल्या आणि समोर ८ किलो, म्हणजे थैली ४ किलोची. वहीत हेच ३क्ष + २ = क्ष + १०. ‘पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं’ हे पाठ असलेल्या मुलाला विचारून पाहा, पलीकडे नेमकं काय जातं? काहीच जात नाही. दोन्ही पारड्यांतून सारखंच उचललं जातं. पक्षांतर ही त्याच कृतीची आखूड नोंद.

पण ३क्ष + ७ = १ आलं की तराजू हात टेकतो. उणे दोन किलोची थैली कुठल्या बाजारात मिळते? पारड्याला फुगे बांधून उणं वजन दाखवता येतं म्हणे. मला ती ओढाताण वाटते.

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी सहावीच्या मुलांबरोबर दुसरी वाट धरली. चित्र वस्तूंचं नाही, राशीचंच काढायचं. १९ − ७ + ४ दिसलं की पुष्कळ मुलं आधी ७ आणि ४ मिळवतात आणि उत्तर ८ लिहितात. इथे प्रत्येक पद चिन्हासकट चौकटीत बसतं: +१९, −७, +४. चौकटींचा क्रम कसाही लावा, उणे सातचंच राहतं. उत्तर १६.

वर्गसमीकरणाला चित्र फार शोभतं. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझमीनं क्ष² + १०क्ष = ३९ असं सोडवलं: क्ष बाजूचा चौरस, त्याच्या दोन बाजूंना ५ रुंदीच्या पट्ट्या. कोपऱ्यात २५ ची जागा रिकामी; ती भरली की ६४ चा पूर्ण चौरस. बाजू ८, म्हणून क्ष ३. खरं तर −१३ नंही समीकरण जुळतं, पण तेवढ्या बाजूचा चौरस कोण काढणार?

भास्कराचार्यांपुढेही हाच पेच होता. ११५० च्या ‘बीजगणिता’त त्यांचं एक कोडं आहे: कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली; एक फांदीवर दिसतं. एकूण किती? उत्तरं दोन, ५० आणि ५. पाच घेतली तर पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन गेले की उणे दोन. वर्ग ४, फांदीवरचं एक, झाली पाच. हिशेब बिनचूक. तरीही भास्कराचार्यांनी ५ नाकारलं: अशा उण्या संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही, हे कारण देऊन. ऋण संख्यांचे नियम त्याच ग्रंथात मांडणारा गणिती हे लिहितो! दहावीच्या वर्गात हे कोडं जरूर घालावं. दोन्ही उत्तरांची चित्रं मुलांना काढू द्यावीत आणि पाचाचं चित्र नेमकं कुठल्या पायरीला अडतं, ते त्यांनाच बोट ठेवून दाखवायला सांगावं.