मुष्टियोद्धे : कालचे आणि आजचे

‘पूर्वीसारखे मल्ल आता राहिले नाहीत,’ हा उद्गार आखाड्याभोवती पिढ्यान् पिढ्या ऐकू येतो. मुष्टियुद्धाच्या क्षेत्रातही जुने श्रेष्ठ की नवे, हा वाद असाच चालत आला आहे. १९७० साली अमेरिकेत तो गणकयंत्राच्या साहाय्याने सोडविण्याचा प्रयत्न झाला. ४९ लढती जिंकून १९५६ साली अपराजित निवृत्त झालेला रॉकी मार्सियानो आणि पुढच्या पिढीतील महंमद अली यांची लढत चित्रपटात दाखविण्यात आली. यंत्राचा निकाल असा, की तेराव्या फेरीत मार्सियानो विजयी! वाद मात्र मिटला नाही. तो का मिटत नाही, हे आपण पाहू.

पहिली अडचण नियमांची. ८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपी राज्यात जॉन सलिव्हन व जेक किलरेन हे मोज्यांवाचून, उघड्या मुठींनी ७५ फेऱ्या लढले. हा आकडा वाचून आपण थक्क होतो. परंतु त्या काळी एक जण खाली पडला की फेरी संपत असे. मग ती काही क्षणांचीच का असेना. आज फेरी तीन मिनिटांची असते आणि अजिंक्यपदाच्या लढतीत अशा बारा फेऱ्या असतात. तेव्हा ७५ आणि १२ हे आकडे एकाच मापाचे नव्हेत.

या बारा फेऱ्यांवरून आजचे योद्धे नाजूक झाले, असेही कोणी समजू नये. पूर्वी पंधरा फेऱ्या असत. नोव्हेंबर १९८२ मध्ये कोरियाचा किम दुक-कू हा तरुण चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांतच मरण पावला. त्यानंतर अजिंक्यपदाच्या लढतींतील फेऱ्या कमी करण्यात आल्या. एका तरुणाच्या प्राणाचे मोल देऊन आलेला हा नियम आहे.

दुसरी अडचण शरीरयष्टीची. मार्सियानोचे वजन ८४ किलोच्या आसपास होते. आजचा टायसन फ्युरी सहा फूट नऊ इंच उंच असून त्याचे वजन ११५ किलोहून अधिक भरते. मार्सियानो त्याच्यापुढे टिकला असता काय, अशी शंका येणे साहजिक आहे. तथापि १८ मे २०२४ रोजी याच फ्युरीला त्याच्याहून लहान चणीच्या ओलेक्सांदर उसिकने रियाध येथे हरविले. केवळ आकारावर निकाल ठरत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि आकड्यांच्या रकान्यात ती दिसत नाही. सलिव्हन बलाढ्य होता यात संशय नाही. परंतु कृष्णवर्णीय योद्ध्यांशी लढण्यास त्याने नकार दिला. त्यामुळे पीटर जॅक्सनसारख्या नामांकित योद्ध्याला त्याच्याशी लढण्याची संधी कधीच मिळाली नाही. पुढे १९०८ साली जॅक जॉन्सनने सिडनी येथे अजिंक्यपद जिंकले, तेव्हा कोठे वजनदार गटातील हा मान प्रथमच एका कृष्णवर्णीयाकडे आला. जी लढत होऊच दिली नाही, तिची नोंद विजयांच्या यादीत कशी सापडणार?

मग तुलना करूच नये काय? अवश्य करावी, पण योग्य मापाने करावी, असे आम्हांस वाटते. दोन काळांतील योद्धे कल्पनेने एकमेकांसमोर उभे करण्यापेक्षा प्रत्येकाला त्याच्या काळात उभे करून एकच प्रश्न विचारावा : तुझ्या तोलाचे जे कोणी होते, त्यांना तू सामोरा गेलास काय? १९३७ ते १९४९ या काळात २५ वेळा आपले अजिंक्यपद राखणारा जो लुई या प्रश्नाला ताठ मानेने उत्तर देईल. उसिकही देईल. सलिव्हनला मात्र, त्याच्या ७५ फेऱ्यांसह, क्षणभर खाली पाहावे लागेल.