पट्टीने जोडलेल्या वाटा, पायांनी पडलेल्या वाटा

संक्रांतीच्या यात्रेत यण्णीमज्जनाच्या दिवशी नंदीध्वज निघतात आणि ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, हे सोलापूरकरांना सांगायला नको. त्या मिरवणुकीत चालताना एकदा मनात आले, जुनी देवस्थाने सरळ रेषेत तर नसतील?

या शंकेला कारण एक पुस्तक. इंग्लंडमधल्या हेरेफर्डशायरच्या आल्फ्रेड वॉटकिन्स यांना १९२१ मध्ये वाटले, की उभे दगड, टेकाडे, जुनी चर्च एका रेषेत येतात. या इतिहासपूर्व सरळ वाटा होत, असे त्यांनी १९२५ च्या ‘द ओल्ड स्ट्रेट ट्रॅक’मध्ये मांडले.

मीही जिल्ह्याचा नकाशा पसरला, देवस्थानांचे ४० ठिपके दिले आणि पट्टी लावली. तीन-चार ठिकाणे एका रेषेत आली की हो! पण हा आनंद टिकला नाही. ४० ठिपक्यांच्या जोड्याच होतात ७८०. शिवाय एका सेंटिमीटरला अडीच किलोमीटर अशा नकाशावर एक मिलिमीटर जाडीची पेन्सिल जमिनीवरचे २५० मीटर व्यापते. मग एखादे तिसरे देऊळ रेषेत सापडले, तर नवल ते काय?

मग जुन्या वाटा ओळखायच्या कशा? दामोदर धर्मानंद कोसंबी हे मुळात गणिती. त्यांनी पट्टी न घेता पायपीट केली. दख्खनच्या वाटांवर, देवीच्या ठाण्यांजवळ त्यांना गारगोटीच्या नखाएवढ्या धारदार कपच्या, म्हणजे अश्मयुगीन सूक्ष्मास्त्रे, सापडली. १९६२ च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’मध्ये त्यांनी पालखीच्या वाटेचा संबंध गुराख्या-मेंढपाळांच्या हंगामी भटकंतीशी जोडला. दाट पावसाचा, चिखलाचा मुलूख मेंढरांना मानवत नाही. म्हणून कळप पूर्वेकडच्या कमी पावसाच्या माळाकडे वळतात. आषाढी वारीची दिशाही तीच. ही वाट सरळ नाही. ती घाट, पाणी, चारा पाहून वळते.

या मताचा पुरावा मातीत आहे, आणि माती हलते आहे. पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. वारकऱ्यांना रुंद रस्ता हवाच. पण खोदकामात, नांगरटीत अशी कपची दिसली, तर खिशात टाकू नका. जागा टिपून ठेवा, पुरातत्त्व विभागाला कळवा. जागेवरून हलली की ती नुसती गारगोटी उरते आणि तिच्याबरोबर वाटही पुसली जाते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)