पीठ न दळणारी चक्की

चक्की म्हटलं की आपल्याला पिठाची चक्की आठवते. पण इंग्लंडमध्ये नॉरफॉकला, हॉर्सी गावाजवळ एक पवनचक्की आहे. तिने कधी एक दाणाही दळला नाही. तिचं काम होतं पाणी उपसायचं!

तिथली जमीन समुद्राजवळची आणि खूप सखल. पावसाचं पाणी आपोआप वाहून जात नाही, शेतातल्या चरांमध्ये साचतं. ते उपसलं नाही तर शेतं बुडतात. वारा सुटला की पाती फिरायची, त्यांच्यामुळे आतली दातेरी चाकं फिरायची, मग खालचा पंप चालायचा आणि चरातलं पाणी वरच्या कालव्यात चढायचं. आणि वाऱ्याने दिशा बदलली तर? चक्कीच्या टोपीमागे एक छोटा पंखा आहे. तो फिरला की अख्खी टोपी वाऱ्याकडे वळते.

ही चक्की १९१२ मध्ये जुन्या चक्कीच्या जागी बांधली. १९४३ मध्ये तिच्यावर वीज पडली आणि पाती थांबली. १९४८ पासून नॅशनल ट्रस्ट तिची काळजी घेतं. अधूनमधून डागडुजी झाली. शेवटी नवी टोपी, नवी पाती बसवली आणि २०१९ मध्ये, म्हणजे ७६ वर्षांनी, पाती पुन्हा फिरली!

आता पाणी उपसायला विजेचे पंप आहेत. मग एवढा खटाटोप कशाला? कारण चक्की फिरती राहिली, तरच ती दुरुस्त करायची कलाही टिकते.

सांगा पाहू : तुमच्या घरी दुरुस्त करून जपलेली जुनी वस्तू कोणती? ती कोणी दुरुस्त केली?